मशिदीच्या दारातली चटई आणि आफ्रिकेचा रानखजूर

इ.स. १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोंबासा बेटावर उतरला. तिथे त्याने एकच रात्र काढली आणि पुढे किल्वाकडे निघून गेला. पण त्या एका मुक्कामात त्याने बरंच टिपलं. बेटावर धान्य पिकत नाही, ते समोरच्या किनाऱ्यावरून आणावं लागतं. लोक केळी आणि मासे खातात. धर्माला धरून वागणारे, सचोटीचे आहेत. मशिदी लाकडाच्या आहेत, पण बांधणी पक्की. मशिदीच्या दाराशी हात-दोन हात खोलीची विहीर असते. लाकडी भांड्याने पाणी काढून पाय धुवायचे. दारात जाड चटई टाकलेली असते, तिच्यावर पाय पुसून मग आत जायचं.

चटईविषयी तो एवढंच लिहितो. विहीर किती खोल हे त्याने सांगितलं, भांडं कशाचं हेही सांगितलं. चटई कशाची, ती कुणी विणली, हे मात्र सफरनाम्यात नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चटई ही अशी वस्तू आहे की जी तुडवली जाते, विचारली जात नाही. पण इतिहास वाचताना मी या दारात नेहमी अडखळतो. राजे, लढाया, व्यापार यांच्यासाठी आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. सजद्यात कपाळ ज्या पातीला टेकतं, त्या पातीच्या झाडाची तारीख कुठे आहे?

आजचा लेख त्या झाडाविषयी आहे.

म्किंदू

या किनाऱ्यावर चटई म्हटली की मुख्यतः दोन झाडं येतात. एक म्कोमा, म्हणजे फांद्या फुटणारा डूम ताड. त्याची पात जाड, तिला स्वाहिलीत मियाआ म्हणतात. तिच्या टोपल्या, पोती आणि मशिदीत अंथरायची जाडीभरडी 'जाम्वी' होते. दुसरं झाड म्किंदू. त्याची पात म्हणजे उकिंदू. ती बारीक, लवचिक आणि रंग चांगला धरणारी. घरातली रंगीत चटई, जिला 'म्केका' म्हणतात, ती उकिंदूची. ताटावर झाकायची विणलेली झाकणंही तिचीच. नमाजाच्या चटईला स्वाहिलीत 'म्साला' म्हणतात. आपल्या घरातला 'मुसल्ला' आणि हा 'म्साला' एकाच अरबी शब्दाची दोन लेकरं आहेत.

म्किंदू हा खजुराचा सख्खा नातलग. शास्त्रीय नाव फिनिक्स रेक्लिनाटा. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक्विन यांनी १८०१ मध्ये हे नाव छापलं. 'रेक्लिनाटा' म्हणजे मागे रेललेला. झाड पाहिलं की नाव पटतं. एका बुंध्याजवळ अनेक खोडं उभी राहतात आणि प्रत्येक खोड बाहेरच्या बाजूला झुकतं. एक बेट म्हणजे जणू एक कुटुंबच. उंची दहा मीटरपर्यंत सहज जाते. फळं पिकली की नारिंगी-तांबूस होतात, पण इवलीशी. बी मोठी, गर पातळ. पोरं तोडून खातात, माकडं खातात, पक्षी खातात. पेटीत भरून विकावं असं त्या फळात काही नाही.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत हे झाड पसरलेलं आहे. मादागास्कर आणि कोमोरोस बेटांवरही आहे. त्याला नदीकाठ आवडतो, पाणथळ जागा आवडते, जंगलाची कड आवडते. जिथे जाईल तिथे त्याला वेगळं काम मिळालेलं आहे. इथिओपियात त्याला झेंबाबा म्हणतात. तिथले ख्रिस्ती लोक होसान्नाच्या सणाला त्याच्या पातीची वळी करून डोक्याला बांधतात. दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि खोसा लोक त्याला इसुंदू म्हणतात. तिथे त्याच्या केरसुण्या होतात, आणि खोसा मुलं वयात येण्याच्या विधीत ज्या झालरी कमरेला बांधतात, त्याही या पातीच्या असतात. एका झाडाखाली चर्चही आहे, मशीदही आहे आणि बापजाद्यांचा विधीही.

इतकं सगळं असून पुस्तकांत त्याचं नाव 'रानखजूर'. म्हणजे खरा खजूर दुसरा कुणी तरी आहे आणि हा रानात राहिलेला, मागे पडलेला. हे नाव कुठून येतं ते समजायला त्या दुसऱ्या झाडाकडे जावं लागेल.

ज्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले

खऱ्या खजुराचा इतिहास भरघोस आहे. आखाती प्रदेशात दल्मा बेटावर आणि कुवेतमध्ये खजुराच्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या खुणा उत्खननात सापडल्या आहेत. इस्लामी परंपरेत तर हे झाड जागोजागी भेटतं. मदिन्याच्या पहिल्या मशिदीचे खांब खजुराच्या खोडांचे होते, छप्पर झावळ्यांचं. हजरत सलमान फारसी गुलाम होते. त्यांच्या सुटकेची जी किंमत ठरली तीत ३०० खजुराची रोपं लावून देणं होतं. सहाबांनी रोपं गोळा केली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती स्वतःच्या हातांनी लावली, अशी रिवायत आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात खजुराचं पिल्लू असेल, तर जमलं तर ते आधी लावा, या अर्थाची हदीस तर सगळ्यांना पाठ असते.

आणखी एक रिवायत मला शेतीच्या इतिहासात फार मोलाची वाटते. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी. मदिन्याचे शेतकरी नराचा पराग हाताने मादीच्या पोयीवर टाकत. प्रेषितांनी (स.) ते पाहून याने फार काही साधत असेल असं वाटत नाही, असं म्हटलं. लोकांनी ते थांबवलं आणि त्या वर्षी पीक घटलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की दुनियेतल्या तुमच्या कामाची माहिती तुम्हालाच जास्त आहे. झाड राखणाऱ्याच्या अनुभवाला धर्माच्या दरबारात मिळालेला हा मान आहे. पुढच्या मुस्लिम विद्वानांनी तो मान पाळला. नवव्या शतकात बसऱ्याच्या अबू हातिम सिजिस्तानी यांनी फक्त खजुराच्या झाडावर एक ग्रंथ लिहिला. अबू हनीफा दीनवरी यांनी वनस्पतींच्या आपल्या कोशात खजुराला जागा दिली. इब्न वहशियाच्या नबातियन शेतीच्या ग्रंथात खजुरावर लांबलचक प्रकरण आहे. तिकडे स्पेनमध्ये पहिल्या अब्दुर्रहमानने कुर्तुब्याजवळच्या रुसाफा बागेतल्या खजुराला उद्देशून कविता केली. वतन सुटलेल्या सुलतानाला वतन सुटलेलं झाड भेटलं, ही गोष्ट आजही सांगितली जाते.

म्किंदूवर असा ग्रंथ नाही. त्याच्यासाठी कुणा सुलतानाने शेर रचल्याचं ऐकिवात नाही.

खजुराच्या बागेतले आफ्रिकी हात

पण खजुराच्या या झगमगत्या इतिहासात आफ्रिका गैरहजर नाही. ती आहे, फक्त पानाच्या समासात आहे.

अबू हातिम ज्या बसऱ्यात राहत होते, त्याच बसऱ्याच्या भोवती खाऱ्या दलदलीची जमीन होती. ती शेतीखाली आणायची तर वरचा क्षाराचा थर खरवडून काढावा लागे. हे काम गुलामांच्या टोळ्यांकडून करून घेतलं जाई आणि त्यांत मोठा भरणा 'झंज' लोकांचा होता. अरब लेखक पूर्व आफ्रिकेच्या काळ्या माणसांना या नावाने ओळखत. तबरीने लिहून ठेवलंय की त्यांचं खाणं म्हणजे थोडं पीठ, सातू आणि खजूर. इ.स. ८६९ मध्ये अली इब्न मुहम्मदच्या नेतृत्वाखाली या माणसांनी बंड पुकारलं. ८७१ मध्ये त्यांनी बसरा घेतलं. अल-मुख्तारा नावाची स्वतःची राजधानी वसवली. अब्बासी खिलाफतीला हे बंड मोडायला ८८३ साल उजाडलं. चौदा वर्षं.

एकाच शहरात, एकाच शतकात खजुरावरचा ग्रंथही लिहिला गेला आणि मिठाच्या जमिनीत राबणाऱ्यांचं बंडही झालं. ग्रंथ आणि बंड या दोन्हींची दखल घेतल्याशिवाय त्या शतकाचा इतिहास पुरा होत नाही. ज्या झाडाची रोपं लावून सलमान फारसी मोकळे झाले, त्या झाडाच्या मुलखात दोन-अडीच शतकांनी माणसांना गुलाम म्हणून राबवलं जात होतं. हे वाक्य लिहिताना जड जातं, पण लिहायला हवं. आपला इतिहास आपणच गुळगुळीत करून सांगितला तर दुसऱ्याने मोडतोड केली म्हणून ओरडण्याचा हक्क राहत नाही.

ही गोष्ट नवव्या शतकात संपत नाही. १८४० मध्ये ओमान आणि झांझिबारचे सुलतान सय्यद सईद यांचं 'सुलताना' हे जहाज न्यूयॉर्कला पोचलं. अमेरिकेला भेट देणारं ते अरबांचं सुरुवातीचं जहाज. त्याच्या पोटात इतर मालाबरोबर मस्कतच्या खजुराची पोती होती. हे जहाज बांधलं गेलं होतं आपल्या मुंबईत, माझगावच्या गोदीत, १८३३ मध्ये. पुढे अमेरिकेत खजुराची मागणी वाढत गेली आणि ओमानच्या बातिना किनाऱ्यावरच्या बागाही वाढल्या. या बागांना पाणी शेंदून घालायला, झाडं राखायला माणसं लागत. ती माणसं पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेली होती. इतिहासकार मॅथ्यू हॉपर यांनी आपल्या २०१५ सालच्या पुस्तकात हा व्यवहार तपशिलाने मांडला आहे.

म्हणजे बघा, ज्या किनाऱ्यावर म्किंदू वाढतो, तिथली माणसं दुसऱ्याच्या खजुराला पाणी घालायला नेली गेली. झाडांची त्यांना ओळख नव्हती असं कोण म्हणेल? ज्या मातीतून ती आली होती तिथे त्यांच्या आयाबहिणी खजुराच्याच जातीच्या झाडाची पात पिढ्यान्‌पिढ्या विणत होत्या. त्यांचं ज्ञान कुणी ज्ञान म्हणून मोजलं नाही, एवढंच.

रानातलं झाड कसं राखतात

हे ज्ञान नेमकं काय होतं? 'रानझाड' म्हटलं की वाटतं त्याला कुणी राखत नाही, ते आपोआप वाढतं. विणणाऱ्या बाईला विचारा, ती वेगळं सांगेल.

उकिंदू म्हणजे कुठलीही झावळी नव्हे. उमललेलं जुनं पान कडक होतं, ते चटईला चालत नाही. शेंड्यातून नुकतं वर आलेलं, अजून मिटलेलं पान कापायचं. पण या पानाच्या बुडाशीच झाडाचा जीव असतो. ताडवर्गातल्या झाडाच्या प्रत्येक खोडाला वाढणारा एकच गाभा असतो. कोयता थोडा खाली गेला आणि गाभा दुखावला, तर ते खोड संपलं. त्याला बाजूने नवी फांदी फुटत नाही. म्हणून पान घेताना हात आवरावा लागतो. एका खोडाचं पान घेतलं की त्याला सावरायला वेळ द्यायचा, तोवर दुसऱ्या खोडाकडे, दुसऱ्या बेटाकडे वळायचं. बेटात अनेक खोडं असतात, हीच या झाडाची आणि विणणारीची दोघांची सोय.

पुढचं काम अंगणातलं. पान उन्हात वाळवून पांढुरकं करायचं, त्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या चिरायच्या, काही पट्ट्या रंगाच्या पाण्यात उकळायच्या. मग वेणी घालावी तशी लांबच लांब पट्टी विणायची, तिला 'उकिली' म्हणतात. अशा पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या की चटई होते. चटई एका दिवसात होत नाही. स्वयंपाक, पोरंबाळं, शेत यांच्या मधल्या वेळात बायका पट्टी विणत राहतात. बोलता बोलता, चालता चालताही हात सुरू असतो.

आता झाड लावण्याविषयी. मला शिंदीच्या, खजुराच्या कुळातल्या झाडांचं वेड आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. म्किंदू दोन प्रकारे लावता येतो. बियांपासून लावायचा तर पिकलेल्या फळाचा गर काढून बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवायची आणि ताजी असतानाच मातीत टाकायची. उगवायला एक ते तीन महिने लागतात, धीर धरावा लागतो. बीमधून आधी एक पांढरी नळी खाली उतरते आणि कोंब बीपासून थोडा दूर वर येतो, म्हणून कुंडी खोल हवी. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं साधं असतं. झावळीसारखी पिसं फुटायला बराच काळ जातो. बियांच्या रोपात नर कोण, मादी कोण हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. फळ हवं असेल तर चार-सहा रोपं जवळ लावलेली बरी.

दुसरी रीत बुंध्याजवळच्या फुटव्यांची. फुटव्याला स्वतःची मुळं फुटलेली पाहूनच तो आईपासून तोडायचा. मुळाशिवाय तोडलेला फुटवा बहुधा जगत नाही. खऱ्या खजुराच्या बागेत शेतकरी पिल्लं काढून एकच खोड ठेवतात, कारण त्यांना फळ हवं असतं. म्किंदूची पिल्लं आईजवळ राहू देतात. फार दाटी झाली तर काही काढावीत, बाकी बेट होऊ द्यावं.

ऊन भरपूर हवं. लहानपणी पाणी नेहमी हवं, कारण मुळात झाड नदीकाठचं. मुरल्यावर ते थोडीफार टंचाईही सोसतं. झावळीच्या बुडाची पाती कडक काट्यांत बदललेली असतात. ते काटे डोळ्याला लागले तर अनर्थ होतो, म्हणून पायवाटेशेजारी लावू नये. छाटताना वाळलेलीच पानं काढावीत. हिरवट-पिवळी खालची पानं कुरूप दिसली तरी झाड त्यांच्यातलं पोटॅश ओढून वरच्या नव्या पानांना देत असतं. ती कापणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. ओल्या जखमांच्या वासाने भुंगे येतात. कोकणातला माडवाला गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांना चांगला ओळखतो. आफ्रिकेत त्यांचेच भाऊबंद आहेत.

एक खबरदारी महत्त्वाची. या कुळातली झाडं आपापसात सहज संकर करतात. बागेत खजूर, शिंदी आणि म्किंदू शेजारी असतील तर त्यांच्या बियांतून भलतंच रोप निघू शकतं. शिवाय परक्या मुलखात हे झाड हाताबाहेर जाऊ शकतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये शोभेसाठी लावलेला म्किंदू कुंपण ओलांडून रानात शिरला आणि आता तिथे त्याची गणना उपद्रवी परदेशी झाडांत होते. स्वतःच्या नदीकाठी जो आधार असतो, तोच दुसऱ्याच्या नदीकाठी भार होतो.

टाना नदीचा वाद

स्वतःच्या नदीकाठीही आज त्याचं सगळं ठीक नाही. केनियातल्या टाना नदीच्या काठाने जंगलाची चिंचोळी पट्टी आहे. तुरेवाला टाना मंगाबे आणि टाना तांबडा कोलोबस ही दोन माकडं फक्त याच भागात आढळतात. त्यांच्यासाठी १९७६ मध्ये तिथे अभयारण्य झालं. मंगाबेच्या खाण्यात म्किंदूच्या फळाला मोठं स्थान आहे. दुसरीकडे नदीकाठचे पोकोमो शेतकरी याच झाडाच्या खोडांनी आणि पानांनी घरं उभारतात, चटया विणतात, रस काढतात. रसासाठी शेंडा कापत गेलं की खोड मरतं. १९९२ मध्ये संशोधक मार्गारेट किन्नेर्ड यांनी या एका झाडासाठी माणूस आणि माकड यांच्यात चाललेल्या स्पर्धेवर शोधनिबंध लिहिला.

असे निबंध वाचून शहरातला माणूस पटकन निकाल देतो: लोकांना बाहेर काढा, जंगल वाचेल. हे आपल्याकडेही वाघाच्या नावाने झालेलं आहे. मला वाटतं प्रश्न झाडाचा वापर होतो हा नाही, तो कोणत्या हाताने होतो हा आहे. मिटलेलं एक पान घेऊन बेट जिवंत ठेवणारा हात आणि शेंडाच उडवणारा हात, दोन्हींना 'स्थानिकांकडून होणारी तोड' या एकाच रकान्यात टाकलं की पहिल्या हाताचं शहाणपण हरवतं. मदिन्याच्या शेतकऱ्यांच्या बाबतीत जो न्याय झाला, तो इथे का नको? कामाची माहिती ज्यांना आहे त्यांना आधी विचारा.

त्यात आता प्लास्टिकची चटई आली आहे. ती स्वस्त आहे, धुता येते, रंग भडक. लामूपासून झांझिबारपर्यंत घराघरांत ती अंथरलेली दिसते. उकिंदूची चटई लग्नाला, पाहुण्यांना, पर्यटकांना. झाडाचा उपयोग कमी झाला की झाड वाचेल असं वाटतं, होतं उलट. ज्याचा उपयोग नाही ते बेट तोडून तिथे शेत काढायला कुणाचा हात अडत नाही.

काळी पडलेली एक चटई

पुन्हा चटईकडे येतो. बुखारीत हजरत अनस यांची एक रिवायत आहे. त्यांच्या आजी मुलैका यांनी प्रेषितांना (स.) जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर प्रेषित नमाजाला उभे राहिले. अनस यांनी घरातली चटई आणली. ती वापरून वापरून काळी पडली होती, म्हणून त्यांनी तिच्यावर पाणी शिंपडलं. प्रेषित पुढे, अनस आणि एक यतीम मुलगा त्यांच्या मागे, आणि सर्वांत मागे म्हाताऱ्या आजी. उम्मुल मोमिनीन मैमूना यांच्या रिवायतीत खुम्रा येतो, म्हणजे खजुराच्या पातीची विणलेली लहान चटई, तिच्यावर प्रेषित नमाज पढत.

या रिवायतींवर फिकहची बरीच चर्चा झाली: चटईवर नमाज होते का, बाईने कुठे उभं राहावं. मला त्यांत एक साधी नोंदही दिसते. सातव्या शतकातल्या मदिन्यात एका म्हातारीच्या घरी एक चटई होती आणि ती वापराने काळी पडली होती, एवढं आपल्याला ठाऊक आहे, कारण अनस यांना ते सांगावंसं वाटलं. इब्न बतूताने मोंबासाच्या दारातली चटई पाहिली, अनस यांनी आजीच्या चटईचा रंगही लक्षात ठेवला. इतिहास लिहिण्याची ही दुसरी रीत आपल्या परंपरेतच आहे. ती बाहेरून आणायची गरज नाही.

आपल्याकडे आफ्रिकेशी नातं सांगायचं म्हटलं की जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर एवढीच नावं निघतात. तलवार, तोफा, किल्ला, फार तर औरंगाबादची नहर. ते सांगायलाच हवं. पण मलिक अंबर ज्या हबशातून आला तिथे झेंबाबाची झाडं होती, आणि कोकणातून मोंबासा, झांझिबारला गेलेल्या आपल्या मुस्लिम घराण्यांनी तिथे गेल्यावर ज्या चटईवर पाठ टेकली, ती कुणीतरी विणलेली होती. जहाजांच्या याद्या सापडतात, चटई विणणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही यादीत नाही.

शेवटी आपल्या बांधावरच्या झाडाविषयी. म्किंदूची एक बहीण आपल्या महाराष्ट्रात ओढ्यानाल्यांच्या काठाने उभी आहे: शिंदी. तिचंही फळ बारीक, गर पातळ. तिलाही काही पुस्तकांत 'जंगली खजूर' म्हणतात. तिच्या फडीच्या केरसुण्या लक्ष्मीपूजनाला पुजल्या जातात आणि ईदच्या आधी त्याच केरसुणीने मोहल्ल्यातलं अंगण झाडलं जातं. शिंदीच्या चटयाही विणल्या जात. केरसुणी बांधणारी, चटई विणणारी माणसं बहुतेक त्या जातींची, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या हातातलं ज्ञानही असंच न लिहिता चाललं आहे. नाले सिमेंटचे झाले, शिंदीची बनं उठली, बाजारात प्लास्टिकचा झाडू आला.

ज्यांच्या गावात अजून शिंदी उभी आहे आणि फडा बांधणारं एखादं म्हातारं माणूस आहे, त्यांनी एकदा जाऊन बसावं. कोणतं पान घेता, कधी घेता, किती ठेवता, हे विचारावं आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावं. इब्न बतूताकडे एकच रात्र होती, आपल्याकडे थोडे जास्त दिवस आहेत. पण फार नाहीत.